दुसरं टेबल

लिफ्टमध्ये मास्तरांनी चारचं बटण दाबलं. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, आणि दिवसभर भिंगं तपासून डोळे असे जडावले होते की आकड्यांकडे तिचं लक्षच गेलं नाही. दार उघडलं, मास्तर बाहेर पडले, सरावाने डावीकडे वळले आणि एका परक्या दारापुढे उभे राहून खिशातली किल्ली कुलपात घालू लागले. ती पायाने लिफ्टचं दार अडवून उभी राहिली. “अहो,” ती हळूच म्हणाली, “आपलं घर वर. सहाव्यावर.” मास्तरांनी वळून बघितलं, धडा रंगात आलेला असताना कोणी वर्गाचं दार वाजवावं तसं. “कुलूप बदललंस का?” त्यांनी विचारलं. “मजला बदललाय,” ती म्हणाली, “केव्हाच.” मग ते हसले आणि मान हलवत आत आले. “भूगोलाचा मास्तर आणि दिशा चुकला. शाळेत कळलं तर निरोपाला दिलेलं घड्याळ परत मागतील.” तीही हसली. चौथा मजला त्यांच्या जुन्या घराचा होता. ते घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, मुलगी तिथूनच शाळेत जायची, आणि त्या मुलीची मुलगीही आता शाळेत जाऊ लागली होती, तीसुद्धा परमुलखात. माणूस विसरतो, त्यात काय एवढं. पण लिफ्ट वर जात असताना तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. विसरलेला माणूस गोंधळतो, चाचपडतो, इकडेतिकडे बघतो. मास्तर गोंधळले नव्हते. त्यांना खात्री होती.

घरात शिरल्या शिरल्या ते खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपले, एक बूट पायात, एक हातात. तिने तो बूट हळूच काढून घेतला. हल्ली असंच होतं. दिवसा झोप आणि रात्री जाग. रात्री त्यांच्या खोलीतून फूटपट्टीचा आवाज यायचा, खरर्र खरर्र. शाळेतली ती लाकडी पट्टी, जिने त्यांनी फळ्यावर नद्या आखल्या, तिने आता ते पाठ खाजवायचे. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती खाज. पहिल्यांदा तिने साबण बदलला. मग चादरी बदलल्या. मग गप्प राहिली. घरातलं आजारपण म्हणजे डॉक्टरभाऊजींचा प्रांत, आपण त्यात नाक खुपसायचं नाही, हे ती सून होऊन आली तेव्हाच शिकली होती, कोणी न शिकवता. भाऊजी म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा मास्तर इतके लहान होते की त्यांना वडील आठवतात ते भाऊजींच्याच चेहऱ्याने. भाऊजींनी त्यांना खांद्यावरून शाळेत नेलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या, डॉक्टर झाल्यावर पहिली नाडी धाकट्या भावाचीच धरली. या घरात कोणाचंही पोट दुखलं, दात हलला, मूल आडवं आलं, की वाक्य एकच निघायचं, दादाला विचारा. आणि दादा कधी चुकले नव्हते. म्हणजे निदान कोणी तसं म्हटलेलं नव्हतं.

या खेपेलाही भाऊजींनीच बघितलं होतं. आपल्या दवाखान्यात नाही, इथेच, चहा पिता पिता. मास्तरांचा हात हातात घेऊन त्यांनी तळवा दिव्याकडे धरला होता. “बघ, तळवे कसे लालबुंद आहेत. रक्त भरपूर आहे साहेबांना. दुखणं आहे ते इथे,” असं म्हणून त्यांनी भावाच्या कपाळावर टिचकी मारली. “जन्मभर घंटेवर जगलेला माणूस. आता घंटा वाजत नाही, तर कळत नाही उठायचं केव्हा अन् झोपायचं केव्हा. निवृत्तीनंतर होतं असं. पोट सुटलंय ते तुझ्या बायकोच्या हाताच्या गुणाने.” मास्तर खूश होऊन हसले होते. जाऊबाई म्हणाल्या होत्या, “आमचे निवृत्त होत नाहीत ते त्याचसाठी. घरी बसले तर मला खाज सुटेल.” सगळे हसले. तीही हसली, आणि मास्तरांचे पाय, संध्याकाळी मोज्याची वीण उमटून राहते ते सुजरे पाय, टेबलाखाली होते. ते टेबलाखालीच राहिले.

नंतर ती एकदा घाबरत घाबरत म्हणाली, “कोणाला तरी एकदा दाखवून घ्यावं का?” भाऊजींना राग आला नाही. त्यांचं मन मोठंच होतं. “घे ना. माझ्या हाताखाली शिकलेला एक आहे, आता मोठा डॉक्टर झालाय. माझं नाव सांग.” ती मास्तरांना घेऊन गेली. थंडगार खोली होती, मोठं टेबल, टेबलावर काचेखाली डॉक्टरांच्या मुलांचे फोटो. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे. आणि तिने, जणू निरोपच पोचवायला आली होती, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरभाऊजींनी तपासलंय, ते म्हणतात मनाचं आहे, निवृत्तीमुळे आहे, झोपेची घडी विस्कटलीय तेवढी बसवून द्या. भाऊजींचं नाव ऐकताच मोठे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. “सरांनी बघितलंय? मग मी काय वेगळं सांगणार.” त्यांनी रक्तदाब बघितला, छातीला नळी लावली, तीही शर्टावरूनच, आणि झोपेची गोळी लिहून दिली. परत येताना तिला हलकं वाटलं होतं. दोघांनी एकच सांगितलं. आता तिसऱ्याने काय सांगायचं राहिलं? तेव्हापासून मास्तरांना रोज संध्याकाळी ती गोळी ती स्वतःच्या हाताने देत होती, पाण्याचा पेला समोर धरून, ते गिळेपर्यंत उभी राहून. गोळीने रात्री झोप काही लागली नाहीच, पण दिवस मात्र गोळीत बुडून जायला लागले. आणि आज हे कुलूप.

सकाळी कोणाशीही बोलण्याआधी थोडा वेळ डोळे मिटून बसायचा तिचा नेम होता. आईकडून आलेला. त्या बसण्यात मागायचं काही नसतं, आई म्हणायची, मागायला लागलीस की तो बाजार झाला. नेमाचा दुसरा भाग दिवसभर सांभाळायचा असे. जे एखाद्याच्या तोंडावर बोलता येणार नाही ते त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही. ऐकायला सोपं, करायला जड. कामावर सगळ्याजणी मालकाची सालं काढायच्या तेव्हा ती भिंग पुसत बसायची, म्हणून तिला आढ्यताखोर म्हणायचे ते म्हणायचेच. आज डोळे मिटले तर आत मास्तर दिसले, परक्या दारापुढे, पाठमोरे. ती उठली. बसण्यात अर्थ नव्हता. काहीतरी मागावंसं वाटत होतं.

चष्म्याची भिंगं घासून तयार व्हायची त्या कारखान्यात ती दुसऱ्या टेबलावर होती. पहिल्या टेबलावर बसायची ती घार. नाव वेगळं होतं, पण केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही म्हणून सगळे तिला घारच म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. घार भिंग दिव्यासमोर धरायची, फिरवायची, कुठे बुडबुडा, कुठे ओरखडा, कुठे काचेतच आलेली बारीक लाट दिसली की मेणाच्या पेन्सिलीने तिथे गोल करायची, आपल्याकडच्या पाटीवर टिपून ठेवायची, आणि मग तो गोल फडक्याने पुसून भिंग दुसऱ्या टेबलाकडे सरकवायची. पुसायचं हा तिथला पहिला धडा. दुसऱ्या टेबलाने कोरी काच बघायची. पहिल्याने काय बघितलं ते कळलं की दुसऱ्याचे डोळे कामातून गेले, असं मालकाचा म्हातारा बाप सांगायचा, दोन टेबलांचे पगार देऊन डोळा एकच ठेवल्यासारखं होतं. ती हे इतकी वर्षं करत आली होती की त्यात काही शहाणपण आहे हेसुद्धा विसरून गेली होती. चमचा उजव्या हातात धरावा तसं.

त्या दिवशी घारीचं फडकं कुठेतरी पडलं असेल, किंवा ती शेजारणीशी सुनेच्या माहेरपणाबद्दल बोलत असेल. एक भिंग गोलासकट आलं. तिने ते दिव्यासमोर धरलं, गोलात बघितलं, गोलात बारीक बुडबुडा होता, टिपला, भिंग बाजूला ठेवलं, पुढचं घेतलं. थोड्या वेळाने घार हात पुसत आली, दोन्ही टिपणं ताडून बघायला. “आणि ही काठाची लाट?” ती म्हणाली. “कुठली?” “ही काय. समुद्र आहे नुसता. मला दिसली होती, पण गोल करायचा राहिला, म्हटलं दुसऱ्या टेबलाला दिसेलच.” घारीने भिंग तिरकं धरून दाखवलं. काठाला काच अशी हलत होती की ती लावून जिना उतरणारा माणूस खालीच गेला असता. “काय गं बाई,” घार हसली, “मी बोट दाखवलं तर तू बोटच बघितलंस. असू दे, तूही माणूसच आहेस, आम्हाला वाटलं होतं देव आहेस.” आजूबाजूला दोघीतिघी हसल्या. तिला हसू आलं नाही. ती ते भिंग हातात धरून तशीच बसून राहिली. तिला मोठ्या डॉक्टरांची थंडगार खोली दिसत होती, फोटोंवरची काच, आणि त्या खोलीत मास्तरांचा हात धरून शिरणारी ती स्वतः, भाऊजींचा गोल न पुसता.

घारीने विचारलं, बरं नाही का. तिने विचारलं, तुमच्या मावशीला पोटात पाणी झालं होतं, तिला कोणी बघितलं होतं? घारीने एका बाईचं नाव सांगितलं, यकृताच्याच आजारांवर उपचार करणारी. “तोंडाने फटकळ आहे,” घार म्हणाली, “पण मावशी अजून भांडतेय सगळ्यांशी, म्हणजे बघ.” घरी जाताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती एकेक आठवू लागली, आणि आठवणं कसलं, काचच फिरवणं होतं ते. खाज. पाय. छातीवर आले होते ते लाल ठिपके, मधे बिंदू आणि भोवती कोळ्याच्या पायांसारख्या रेषा, जे बघून ती म्हणाली होती, उन्हात गंजिफ्रॉकवर बसू नका. श्वासाला येणारा गोडूस, कोंदट वास. दंड बारीक झाले होते आणि पोट मोठं. अक्षर. मास्तरांचं अक्षर म्हणजे छापलेलं, आणि परवा त्यांनी वाणसामानाची चिठ्ठी लिहिली ती वाळूवरून खेकडा गेल्यासारखी. हे सगळं तिला दिसलं होतं. एकही गोष्ट नजरेतून सुटली नव्हती. काल बघितलं होतं तेच आज जरा जास्त, एवढंच प्रत्येक दिवशी वाटलं होतं, आणि भाऊजींनी मन म्हटल्यावर या सगळ्या गोष्टी मनाच्या खाली निमूट जाऊन बसल्या होत्या, त्या टेबलाखालच्या पायांसारख्या. तिला स्वतःचा राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात काही लागतं. तिचा थांबा आला, गेला, आणि ती पुढच्या थांब्यावरून चालत मागे आली.

“कशाला?” मास्तर म्हणाले. “घरात विहीर आणि तू शेजारी पाणी मागतेस. दादाला कळलं तर काय वाटेल?” “मी सांगेन त्यांना,” ती म्हणाली. “तू?” मास्तरांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. त्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा राहिला नव्हता, जुन्या पुस्तकाच्या पानासारखा झाला होता. केव्हापासून, कोण जाणे. “तू दादाच्या समोर चहात साखर कमी आहे असं म्हणाली नाहीस कधी.” ती त्यांचा शर्ट इस्त्री करत राहिली. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, “ती इस्त्री माझ्यावर फिरवणार असशील तर येतो.” त्या संध्याकाळची गोळी तिने दिली नाही. मास्तरांनी मागितलीही नाही.

फटकळ बाईंना सर्दी झाली होती. टेबलाच्या कडेला रुमालांचा ढीग, बाहेर बाकांवर रांग. त्यांनी वर न बघता विचारलं, “आधी कोणाला दाखवलंय?” तिने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, घासून गुळगुळीत झालेलं, तेच आधी बाहेर येऊ बघत होतं. “ते नंतर सांगितलं तर चालेल का?” ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की बाईंना वर बघावं लागलं. “तपासण्या झाल्या असतील तर त्या द्याल?” “झाल्याच नाहीत. साखर तेवढी बघितलीय. आणि ही एक गोळी चालू होती, काल बंद केलीय.” बाईंनी गोळीचं पाकीट बघितलं आणि पेन खाली ठेवलं. “सांगा.” मग ती बोलली. आयुष्यात इतकं सलग ती बहुधा कधी बोलली नव्हती. कुठेही ‘म्हणून’ नाही, ‘कारण’ नाही, नुसतं दिसलेलं. मध्ये मास्तरांनी एकदा जांभई दिली आणि एकदा म्हणाले, “ही परीक्षेला बसली असती तर पहिली आली असती.” बाईंनी त्यांना शर्ट काढायला लावला, पोटावर बोटांनी वाजवून बघितलं, नडगीवर अंगठा दाबला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. मग म्हणाल्या, “मास्तर, हात पुढे करा, पंजे मागे वळवा, वर्गाला गप्प बसा म्हणताना करायचात तसे. आणि धरून ठेवा.” मास्तरांनी हात पुढे केले. पंजे क्षणभर राहिले, मग खाली पडले, परत वर आले, परत पडले. उडायचं आहे पण बळ नाही अशा पाखरासारखे. मास्तर स्वतःच्या हातांकडे कुतूहलाने बघत होते. “ऐकत नाहीयेत,” ते म्हणाले, “वर्ग हाताबाहेर गेलाय.” कोणी हसलं नाही.

रक्त दिलं, सोनोग्राफी झाली, आणि पुन्हा त्याच बाकांवर बसून पुन्हा त्याच खोलीत जावं लागलं. बाईंची सर्दी तशीच होती. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. यकृत आक्रसलंय, निबर झालंय. रक्तातलं विष गाळायचं काम त्याला झेपत नाही, ते विष डोक्यापर्यंत जातं, म्हणून ही झोप, हे विसरणं. त्यावर झोपेची गोळी म्हणजे बुडत्याच्या हाती दगड. दारू नाही, काविळीचे विषाणू नाहीत, मग बहुधा शरीर स्वतःच्याच यकृताशी भांडत बसलंय, नक्की करायला तुकडा काढून तपासावा लागेल. औषधं आहेत. औषधांनी नाही भागलं तर यकृत बदलावं लागेल, आणि ते मोठ्या ठिकाणी. “उशीर झाला का?” तिने विचारलं. बाईंनी नाक पुसलं. “वेळ आहे. वाया घालवण्याइतका नाही. मोठ्या रुग्णालयाची तारीख मी घेऊन देते. आणि माझं एकटीचं ऐकून थांबू नका. तपासण्या सगळ्या न्या, गोळ्यांची पाकिटं न्या. कोणी काय म्हटलं ते मात्र त्यांनी विचारल्यावर सांगा.” दरम्यान एक गोड, चिकट औषध दिलं, ज्याने पोट साफ होऊन विष खाली जातं. त्या औषधाने मास्तरांचे दिवस थोडे उघडले. “बाईंनी माझं सिंहासनच बदललं,” ते म्हणायचे, दर थोड्या वेळाने संडासाकडे जाताना. बोलण्यात गंमत परत आली होती. तिला ते ऐकून रडू यायचं, म्हणून ती पाण्याचा नळ सोडायची.

भाऊजींना सांगायचं राहिलं होतं. तारीख जवळ येत होती. न सांगताही जाता आलं असतं. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, आत्ता कशाला? बरे झाले की सांग. उगाच काकांचं मन का दुखवायचं?” पण ज्या खोलीत भाऊजी नव्हते त्या खोलीत तिने त्यांचं नाव न घेताही त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती, असं तिला वाटत होतं, आणि ते पाठीमागे बोलणंच होतं. रुग्ण संपायच्या वेळेला ती दवाखान्यात गेली. भाऊजी हात धूत होते. किती म्हातारे झाले होते ते, पाठीचा कणा शर्टातून दिसत होता.

“बस,” ते म्हणाले. “कसा आहे आमचा निद्रानाश?”

“उभीच बरी आहे.” तिने पिशवी दोन्ही हातांनी धरली. “भाऊजी, मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं होतं. म्हणजे तिसऱ्या.”

भाऊजींनी नळ बंद केला. टॉवेलने एकेक बोट पुसलं. “मला न विचारता.”

“हो.”

“काय म्हणतात?”

“यकृत म्हणतात. निबर झालंय.”

“दारूचा थेंब नाही त्याला.”

“त्याशिवायही होतं म्हणतात.”

भाऊजींनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. बाहेर जाऊबाईंचा आवाज येत होता, कोणाला तरी उद्या या म्हणून सांगत होत्या. “होतं,” भाऊजी म्हणाले. मग विचारलं, “हात पुढे करायला लावले होते?”

“हो.”

“पडले?”

तिने मान हलवली. भाऊजी बसले, आपल्या खुर्चीत नाही, रुग्णांच्या स्टुलावर, तेच जवळ होतं म्हणून. “मी त्याला लहानपणापासून बघतोय गं,” ते म्हणाले. हे ते तिला सांगत होते की आणखी कोणाला, ते कळलं नाही. मग एकदम त्यांचा आवाज चढला. “आणि तुला दिसत होतं ना? मग तोंडात काय गुळणी धरली होतीस? पाय सुजले, खाज सुटली, एका शब्दाने बोलली नाहीस.” विचारलं असतंत तर, असं तिच्या जिभेवर आलं होतं. समोर ते कोपरे गुडघ्यांवर टेकून बसले होते. “चुकलं,” ती म्हणाली. जिना उतरताना तिला जाणवलं की तो शब्द अर्धा खरा होता, आणि उरलेला अर्धा तिने तिथेच सोडला होता, एखाद्याच्या घरी भांडं सोडून यावं तसा. परत मागायला तोंड होईल न होईल.

मोठ्या रुग्णालयात भाऊजी आले. कोणी बोलावलं नव्हतं. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, हातात ती जुनी चामड्याची बॅग. मास्तरांचा चेहरा उजळला. “दादा आला. आता बाकीचे डॉक्टर घरी जाऊ देत.” भाऊजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले, नंबर लागेपर्यंत. आतल्या खोलीत मध्यमवयाचे, शांत दिसणारे डॉक्टर होते. तपासण्यांचे कागद त्यांनी चाळून बाजूला ठेवले होते. “मला सुरुवातीपासून ऐकायचंय,” ते म्हणाले. “सांगा.” भाऊजींनी घसा साफ केला. “मी स्वतः डॉक्टर आहे. तर सुरुवात अशी की...” आणि ते थांबले. तिने भाऊजींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं. “मी बाहेर बसतो,” भाऊजी म्हणाले. “दादा, थांब ना,” मास्तर म्हणाले. “इथेच आहे रे, दाराशी.” दार त्यांनी जाताना आवाज होऊ न देता लावलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं पाठ होतं. कशानंतर काय, कशाआधी काय. कालपासून तिने ते मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याला एक चाल लागली होती. तिने श्वास घेतला, आणि मास्तरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. “अगं,” ते म्हणाले, “मी सांगू?”

तिने त्यांच्याकडे बघितलं. भाऊजींनी विचारलं नव्हतं, मोठ्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, बाईंनी तिला विचारलं होतं. आणि तिनेही, रोज रात्री पट्टीचा आवाज ऐकून, कधी त्या दारातून आत जाऊन विचारलं नव्हतं, तुम्हाला काय होतंय. “सांगा ना,” डॉक्टर म्हणाले.

मास्तर सांगू लागले. हळूहळू, शब्दांमागे चालत. खाज त्यांनी आधी सांगितली, मग झोप, मग मधेच शाळेतल्या कुठल्याशा सहलीत गेले आणि परत आले. खाजेच्या आधी पाय सुजले होते, असं ते म्हणत होते. ते तसं नव्हतं, आधी खाज, मग पाय. तिने ओठ मिटून धरले. डॉक्टर लिहीत होते, घाई न करता. “आणि एक आहे,” मास्तर म्हणाले, “ते हिला माहीत नाही.” ते थांबले. कपाळाला बारीक घाम होता. “परवा संडासला काळं झालं. डांबरासारखं. कालही. हिला सांगितलं असतं तर हिने पुन्हा सगळं आपल्या अंगावर घेतलं असतं. म्हणून मी पाणी ओतून टाकलं.”

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी टेबलावरची घंटा दाबली, आत आलेल्या परिचारिकेला हलक्या आवाजात म्हणाले, चाकाची खुर्ची आणा, आत्ता, आणि वर दुर्बिणीच्या खोलीत कळवा. मग ते मास्तरांच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. “घाबरू नका. आतून रक्त येत असणार, ते आजच थांबवू. बरं झालं बोललात. आणखी काय? कशाचीही लाज धरू नका.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. लाजरं, अपराधी बघणं, चोरून काही खाल्लेल्या मुलासारखं. आपण त्यांच्याकडे बघत राहिलो तर ते उरलेलं गिळून टाकतील, हे तिला कळलं. मनगटावरचा त्यांचा हात तिने आपल्या हाताने झाकला आणि मान वळवून खिडकीबाहेर बघू लागली. समोर एक भिंत होती, भिंतीला एक पाइप, पाइपावर काही नाही. ती त्या पाइपाकडे बघत राहिली. तिच्यामागे मास्तर बोलू लागले.